पहारेकऱ्यांना चाहूल लागली नाही

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सून व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहिणारी असावी.

“आई, माझं परीक्षण बदलावं लागणार. कुणालाही न मारता गेममधल्या त्या कंपनीच्या मनोऱ्यात वरपर्यंत पोचणं अशक्य आहे, असं मी ठणकावून लिहिलंय.”

“मग खोड ते. मी पोचले.”

“अहो, पण त्या रोबो पहारेकऱ्यांना पावलांचा आवाजसुद्धा ऐकू येतो! मी माझ्या हेराला यांत्रिक पाय बसवले, तरी पकडले गेले.”

“कारण तू धावतेस. मी भिंतीच्या कडेकडेनं गेले. दाराशी थांबायचे, कानोसा घ्यायचे, मगच दार लोटायचे.”

“हे शिकलात कुठे?”

“घरात. तुझे सासरे रात्रपाळी करून दिवसभर झोपायचे. एकाच खोलीत दोन पोरं वाढवली मी. यांच्या कानांपुढे तुझे रोबो म्हणजे अगदीच लिंबूटिंबू!”

“बाबांना कधीच जाग आली नाही?”

“इतक्या वर्षांत एकदाही नाही. काल दुपारी आली.”

“काल? काय पडलं?”

“पडलं काही नाही गं. पडद्यावर ‘मोहीम फत्ते’ असं आलं आणि मी अशी ओरडले, की हे ताडकन उठून बसले!”