डाव्या बाजूचा बाप

नाही, मी म्हणतो, डोळा मिटत नाही म्हणून काय बापाचे सगळे फोटो त्याच बाजूने काढायचे? तुम्हाला सांगतो, लेकीच्या पाठवणीला रडलो हो मी! ढसाढसा रडलो! पण उजव्या डोळ्याने. डावा रडणार कशाने? तो सिलिकॉनचा! करोनानंतर त्या मेल्या बुरशीने डोळा गेला, पापणी गेली, नुसती खोबण उरली. मग नूतन, माझी लेक, हट्टालाच पेटली, 'बाबा, माझ्या लग्नात पट्टी लावून नाही उभं राहायचं!' झालं! डॉक्टरांनी भुवईखालच्या हाडात स्क्रू बसवले, हाडाने ते घट्ट धरेपर्यंत महिनोन् महिने थांबवलं, आणि मग त्यावर लोहचुंबकाने हा डोळा, पापणी-सुरकुत्यांसकट! झोपताना काढायचा, पुसायचा, डबीत ठेवायचा. डॉक्टर म्हणाले, 'प्रेमराजभाऊ, कोणाला ओळखू येणार नाही.' नाही ना आला! तिथेच तर घात झाला!

लग्न इथेच, जळगावात. फोटोवाला आवेज. पोरगा गुणी, पण दोन फोटो काढले, कॅमेऱ्यात बघितलं आणि ओरडला, 'काका, उजवीकडून सारखा डोळा मिटताय! डावीकडून बघा, क्या बात है! एकही फोटो वाया नाही!' अरे, जाईल कसा? मिटतोय कुठे तो! पण मी आपला डावा गाल पुढे केला. किती वर्षांनी कोणी या तोंडाचं कौतुक करत होतं… आवडलं हो मला!

मग पाठवणी. नूतन छातीत तोंड खुपसून, सोडेना. मंजुळा, आमची ही, मागे हुंदके देतेय, आणि मी… रडलो हो मी! गाल, मिशी, कॉलर, सगळं ओलं! आणि आवेज कुठे? डावीकडे! गुडघ्यावर बसून व्हिडिओ काढतोय!

व्हिडिओ गेला धुळ्याला, लेकीच्या सासरी. विहीणबाईंनी, यशोदाबाईंनी, अख्खी गल्ली गोळा केली. 'माय वं! बठ्ठा मांडव रडना, अन् बाप देखा! दगडना मायक हुभा शे! पापनी बी हालनी नही!' म्हणजे सगळा मांडव रडला, बाप मात्र दगडासारखा! अहो, पापणी हलेल कशी? डोळा खोटा आहे म्हणून सांगून बघितलं, तर विहीणबाई म्हणे, दुसरा होता ना, त्याने रडायचं! रोज नवी शेजारीण, रोज तोच व्हिडिओ. आणि एक दिवस नूतनच फोनवर हळूच विचारते, 'बाबा… रडला होतात ना?' पोटच्या पोरीने विचारावं! जिव्हारी लागलं हो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आली माहेरी. परत निघाली तेव्हा म्हटलं, या खेपेला सोक्षमोक्ष! स्टँडवर तिला माझ्या उजवीकडे उभं केलं, मंजुळेच्या हातात मोबाइल. 'हं, रडा,' म्हणते! मी नाक ओढतोय, तोंड वेडंवाकडं करतोय… 'अहो लवकर रडा, बॅटरी चाललीय!' तुम्हाला सांगतो, थेंब येईना! कंडक्टर ओरडतोय, नूतन खो खो हसतेय. 'राहू द्या बाबा,' म्हणाली आणि चढली.

गाडी फाटकातून वळली. मंजुळेने मोबाइल पिशवीत टाकला, पुढे चालू लागली. आणि लागली की धार! ढसाढसा! समोर एक रिक्षावाला टक लावून बघतोय. म्हटलं चला, एक तरी साक्षीदार! तो जवळ आला. एका डोळ्याला पूर, दुसरा कोरडा ठाक. निरखून बघितलं आणि म्हणतो कसा, 'नाना, डोळ्यात कचरा गेला का?'

आता याला काय सांगू?

'हो रे बाबा,' म्हटलं, 'गेला. चल, घरी सोड.'