गुलटेकडीतलं आवाजी मतदान

…ओवाळते हो आमदारसाहेब, ओवाळते! निरांजन पेटलंय, तुमचा फोटोवाला बिचारा एका पायावर उभा आहे. पण आत्ता माईकवरून काय म्हणालात — हमालांचं मंडळ मोडायच्या बिलाला मी सभागृहात कडाडून विरोध केला? अहो, तुमचं कडाडणं ऐकलंय की मी! कुठे म्हणजे? विसरलात? पहिल्यांदाच निवडून आलेले तुम्ही, हौस दांडगी — आम्हा बायकांची बस भरून विधानभवन दाखवायला नेलंत, पायऱ्यांवर फोटो, डब्यात पुरीभाजी, आणि वर गॅलरीत बसवलंत ते नेमकं त्याच बिलाच्या दिवशी! अध्यक्ष म्हणाले, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे — आणि तुम्ही मोबाईलमधून मान वर न काढता असं 'होय' ठोकलंत, की शेजारची कल्याणी डुलकीतून दचकून उठली. आवाजी मतदान, कुणाचं नाव कुठे लिहिलं जात नाही, ठाऊक आहे मला. शाळा नाही पाहिली, पोत्यांवरची अक्षरं वाचत शिकले — पण कान शाबूत आहेत माझे.

तिथं गप्प बसलो. गॅलरीत बोलायचं नसतं, तुमच्याच माणसानं दटावलं होतं. मंडळ गेलं, हमालांच्या टोळ्या मोडल्या, माझा लेक बापूराव काम सुटून भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. असायचा म्हणजे — हल्ली जातो कामाला. कुठे, ते सांगत नाही. मार्केट यार्डात नाही एवढं खरं, सदऱ्याला धूळ नसते.

असो! गल्लीत तर बोलता येतं ना? श्यामले, सूनबाई, धर गं ताट. बायांनो, साहेबांना ओवाळावं या मताचे असतील त्यांनी होय म्हणावे!

…ऐकलंत? चिटपाखरू तरी —

कोण? कोण ओरडलं 'होय'? मागून, तुमच्या त्या झेंडेवाल्यांतून…

बापू?

अहो, तुम्ही कशाला वळून बघताय त्याच्याकडे! रोजावर आहे तो तुमच्या, त्याला म्हणावंच लागतं. तुम्हालाही वरून सांगितलं की म्हणावंच लागत असेल — नाही का? त्यानं निदान मान वर करून म्हटलं… नाही, मान खालीच आहे त्याची.

होयचं बहुमत झालं. आण गं श्यामले ते ताट. अगं, रडतेस काय, वात विझेल. कपाळ पुढे करा, साहेब. आणि फोटोत माझं तोंड नको.

झालं. व्हा पुढे.