उतरलेली तार

नाही नाही, काढून नाही टाकलं हो तिला — तुम्ही बसा आधी, त्या खुर्चीवर नको, तिथे व्हायोलिनचे गज ठेवलेत — मागच्या रांगेत बसवली, एवढंच. काढणं वेगळं नि मागे बसवणं वेगळं. आता तुम्ही म्हणाल, लेक वाजवते तर चांगली. वाजवते की. मी कुठे नाही म्हणतो? अख्ख्या वर्गात गज सरळ चालतो तो तिचाच. बाकीचे काय — एक जण भाजी परतल्यासारखा गज फिरवतो, एकीची नखं अशी, की तारेवर बोटाआधी नखच टेकतं. काप म्हटलं तर आई भांडायला येते, मावशीचं लग्न तोंडावर आहे म्हणे. आणि पालक — तुम्हाला नाही म्हणत — दुसऱ्याच आठवड्यात विचारतात, गाणं कधी वाजवणार? अहो, व्हायोलिन हनुवटीखाली नीट धरायलाच महिना जातो, मान अवघडते, खांदा भरून येतो, शेजारी खिडक्या लावून घेतात. नाकी नऊ येतात माझ्या. पण बोललो कधी? बोलत नाही मी.

तर झालं असं — वर्गाआधी सगळ्यांच्या तारा मी स्वतः जुळवतो. पोरांना खुंटीला हात लावू देत नाही, तोडतात कार्टी. परवा तिच्या हातात व्हायोलिन दिलं, तर सगळ्यांदेखत म्हणते, सर, बारीक तार उतरलीये. मी म्हटलं, बरोबर आहे. म्हणते, नाही सर, उतरलीये. बरं बाई, पुन्हा जुळवली. तर म्हणते, आता जास्तच उतरली. आता काय करायचं माणसानं? बाकीच्यांना विचारलं — काय रे, उतरलीये का? सगळे म्हणाले, नाही सर. म्हणणारच — माझ्याच कानांनी ऐकायला शिकलेत ते. म्हणजे, माझ्या हाताखाली शिकलेत, असं म्हणायचं होतं मला.

कानांना? काही नाही झालेलं. आमची बायको आपली म्हणते, दाराची बेल वाजते नि तुम्ही पेपर वाचत बसता. बेलच बारीक आहे, त्याला मी काय करू? डॉक्टरकडे जाऊन आलो, सहज, हिच्या समाधानासाठी. त्यानं लगेच कानातलं यंत्र काढून दाखवलं. व्हायोलिनच्या मास्तरानं ते घालून वर्गात बसायचं? दुसऱ्या दिवशी एक तरी पोर फिरकेल का इकडे? आणि मग मी दिवसभर करू काय, या खोलीत, एवढ्या खुर्च्या घेऊन?

फोन कशाला काढलात? सूर दाखवतो? असली थेरं मी वर्गात चालू देत नाही — बरं, धरा, तुमच्या मनात शंका नको. हे घ्या, आत्ताच जुळवलंय. काय म्हणतोय? लाल म्हणजे? थांबा, थोडी पिळतो. आता? अजून लालच. ही घ्या, आणखी पिळली. आता?

ठेवा तो फोन खिशात.

असं करा, उद्यापासून तिला अर्धा तास आधी पाठवा. सगळी व्हायोलिनं तिनं जुळवायची, एकूण एक तार. शिक्षा आहे म्हणावं, उलट बोलल्याची. कोणी विचारलं तर तुम्हीही तेच सांगा. आणि झालं की तिनं मला सगळ्यांसमोर विचारायचं — सर, बरोबर आहे ना? मी हो म्हणेन. बराय, या आता. जाताना दार ओढून घ्या.