उठलात ना, मग बोला

अगं, माझ्याच नियमात मी कशी अडकले ते ऐक. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी बायकांना इंग्रजी शिकवते. उभं राहिलं की इंग्रजीत एक वाक्य बोलल्याशिवाय बसायचं नाही, हा माझा नियम.

हुतात्मा दिनाला मी देशभक्तीवर पंधरा मिनिटं बोलले, मग आम्ही सगळ्या दोन मिनिटं स्तब्ध उभ्या राहिलो. नंतर "बसा" म्हटलं, तर कुणी बसेचना. नियम!

एकेक जण "आय लव्ह इंडिया" म्हणून बसली. उरल्या लक्ष्मक्का. नियमाच्या भीतीनं त्या सहा महिन्यांत कधी उठल्याच नव्हत्या.

"माय सन, आर्मी," त्या म्हणाल्या. "धिस डे, फॉर हिम, आय डोन्ट वॉन्ट."

आणि बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "टीचर, युवर सेंटेन्स?"

पंधरा मिनिटं बोललेली मी, उभीच.