टेकडीवरचा आजा

साताऱ्याहून निघालेली एस.टी. म्हसवडच्या अलीकडं पंक्चर झाली. आम्ही सगळे खाली उतरलो. माझ्या शेजारी एक म्हातारी आणि तिची नात बांधावर टेकल्या. नातीच्या मांडीवर कॅमेरा होता.

“उत्कर्षा, दुसऱ्यानं वापरल्यालं भिंग कशापायी घ्यायचं गं? कॅमेऱ्यासंगं एक आलं हुतं की.”

“आगं आज्जे, त्यातनं लांबचं पाखरू नुसतं टिपक्यावानी दिसायचं. ही झूम लेन्स लांबचं जवळ वडती.”

“पर ही कॅमेऱ्याच्या कंपनीची न्हाई म्हणं.”

“नसू दे. दुसऱ्या कंपनीची हाय, पर आपल्या कॅमेऱ्याला झ्याक बसती.”

“आन् बिघडल्याली आसली तर?”

“तर उद्या परत घीन म्हणालाय दुकानदार. थांब, आत्ताच बघू. ती समोरची टेकडी दिसती का तुला?”

“दिसती की. वर पांढरं कायतरी हाय.”

“मेंढरं हायती, आपलीच. हं, काढला फोटू. आता हितं पडद्यावर बघ.”

“आगं बया! ह्यो तर तुजा आजा!”

“व्हय! मिशा बी दिसत्यात!”

“आन् त्येच्या हातात काय हाय?”

“कोकरू. एक पाय वर हाय बघ, कोकराला घिऊन नाचतोय.”

“नाचतोय? आमच्या लग्नात ढोल वाजून वाजून फुटला, तरी ह्यो बाबा हलला न्हवता!”

“आज्जे, हळू हास, समदी बघत्यात.”

“बघू देत. तू आजून एक काढ. पर त्येला हाक मारू नगंस, थांबंल त्यो.”