मधात बोलणारी डबी

सांगतो, पण मले सावकाश सांगू द्या.

अमरावतीच्या कोल्ड स्टोरेजमधली थंडी करणारी जुनी मशीन मी सांभाळतो. शेठनं तिच्यासाठी नवा कॉम्प्युटर आणला. दोघांची भाषा वेगळी, म्हणून अकोल्याच्या पल्लवीताई इंजिनिअरनं एक डबी बनवून दोघांच्या मधात लावली. याचं बोलणं त्याले समजावून सांगणारी. डबी लावली अन् मशीन बंदच पडली. हातानं मशीन चालवायचं जुनं बटणांचं पॅनल शेठनं आधीच भंगारात दिलेलं. आत लोकांचे संत्रे भरलेले, अन् तापमानाचा काटा सहावरून अकरावर.

"ताई, त्या डबीच्या दोन लाइटांकडे..." मी म्हटलं.

"काका, तुमी गप बसा," शेठ म्हणाले.

काटा बारावर गेला. ताई लॅपटॉपवर काही-काही बदलून पाहून राहिली होती.

"ताई, लाल लाइट विझायच्या आत..."

"काका, सांगितलं ना तुमाले."

ताईनं मान वर केली. "शेठजी, बोलू द्या त्यांना. लाल लाइटचं काय, काका?"

"लाल लागला म्हणजे मशीन बोलते ना? तो विझायच्या आतच हिरवा लागून राहिला. मशीनचं बोलणं पुरं होत नाही, तं तुमची डबी मधात बोलून राहिली."

ताईनं लॅपटॉपवरून डबीले जरासं थांबायले लावलं. मशीन घुरघुरली. काटा खाली येऊ लागला.

शेठ खुर्ची ओढून माझ्यापाशी बसले. "काका, तुमी शाळेत गेले नाही. तुमाले कसं समजलं?"

"तीस वर्षं तुमच्यापाशी नोकरी केली ना, शेठ. मधात बोललेलं लगेच ओळखतो."