याहीणबाईंचं अर्धं वाक्य

हॅलो?… हां, बोला. लेबर रूम इन्चार्ज बोलतेय.

लेबर रूममध्ये शेवटचा शब्द डॉक्टरांचा नसतो, ज्येष्ठ सिस्टरचा असतो, आणि तोच पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालतो, असं कोकिळा सिस्टर समोरच्या मुलींना नुकत्याच सांगत होत्या. मुली जळगावच्या त्या हॉस्पिटलात आजच रुजू झालेल्या नव्या सिस्टर. विषय होता 'ज्येष्ठ परिचारिकेचे नेतृत्व'. नेतृत्व प्रत्यक्षात कसं दिसतं तेही मुलींना कळावं, म्हणून सिस्टरनी फोन त्यांच्यासमोरच घेतला. फोन धुळ्याहून होता, याहीणबाईंचा. याहीणबाई म्हणजे सुनेची आई, वच्छलाबाई. सून जागृती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती.

याहीणबाई! काय, सुटली का?… नाही? मग?… अहो, रडू नका. काय व्हयनं ते सांगा… टेबलावरून उतरली? कोण, जागृती? कळा चालू असताना?… बाहेर बाकावर बसलीय… आत जात नाही म्हणते… अहो, पण का?

सिस्टर बोलली?… काय बोलली?… बरं, नका सांगू. तोंडातून निघत नाही, कळलं… नाव काय तिचं? तुम्ही फक्त नाव सांगा. अहो, खान्देशातल्या निम्म्या सिस्टर माझ्या हाताखालून गेल्यात. मी इथून फोन केला की तिथली खुर्ची हलते.

शहनाज?… उंच? चष्मा?… अहो, ती तर माझी! सगळं इथेच शिकली. हिरा आहे, हिरा.

सिस्टरनी मुलींकडे बघून भुवई उंचावली. मुलींनी माना डोलावल्या.

नाही, तिला कसं माहीत असणार, जागृती माझी सून आहे म्हणून? मीच म्हटलं होतं ना तुम्हाला, माझं नाव सांगू नका… हो, हो, मीच. माझ्या हाताखालची बाई सगळ्यांना सारखंच वागवते, तिथे ओळख लागत नाही… साखरपुड्यातही म्हटलं होतं?… माईकवर?… असेल.

मग तुमचा काहीतरी गैरसमज… मांडीवर चापट? अहो, ती चापट म्हणजे… लक्ष तिकडे यावं म्हणून. हळूच असते ती… उमटली?… पाचही बोटं?

…बरं. आणि बोलली काय ते सांगाच आता. लाजू नका, मी यातलीच आहे… काय? 'नवरा गोड लागला'…

मग कळा कडू का.

वाक्य धुळ्यात सुरू झालं आणि जळगावात पूर्ण झालं. इतकं सहज, की मुलींपैकी दोघी फिस्सकन हसल्या. त्यात त्यांचा दोष नव्हता. कोकिळा सिस्टरना ते पहिल्यांदा सुचलं तेव्हाही अख्खा स्टाफ पोट धरून हसला होता. न हसलेली एकटी टेबलावर होती.

हॅलो?… हो, आहे मी… मला कसं माहीत? नाही, म्हणजे… अंदाज हो. बोलतात असं काही काही… तुम्ही अर्धंच सांगितलं होतं? हो, अर्धंच… शब्दन्‌शब्द तेच म्हणाली?

याहीणबाई, ऐका ना… ऐका तर… ते वाक्य माझं आहे… माझं म्हणजे माझंच. मी म्हणायचे… नाही, म्हणते. आज सकाळीही म्हटलं… बोला, बोला. बरोबर आहे तुमचं… हो. पोटच्या पोरीला कुणी असं बोललं तर… हो… माझ्या बाळंतपणात, हितेंद्रच्या वेळी? मला कोण बोलणार? मी स्टाफच होते ना.

द्या, जागृतीला द्या जरा.

अगं ऐक ना… बाळा, ऐक तर… कळ आली? घे, श्वास घे. मी थांबते… गेली?… हे बघ, राग आलाय तो शहनाजवर काढू नकोस. हात चांगले आहेत तिचे… म्हणजे, चापट सोडून… तोंड? ते तोंड माझं आहे गं… आईनं सांगितलं का?… हो, लग्नात तुझ्या मैत्रिणींना मी बाळंतपणाचे किस्से सांगत होते खरी… हसलात ना तुम्ही सगळ्या… तू नव्हतीस हसली? मला वाटलं, हसलीस… आत जा बेटा. माझ्यासाठी नको, बाळासाठी जा. ठोके बघायला हवेत त्याचे… तिला दे. मी बोलते तिच्याशी.

शहनाज… हो गं, मीच. आवाज ओळखलास… बरी आहे… काय म्हणतेस? तिथेही माझ्यासारखाच वॉर्ड चालवतेस?… हां. ऐकलं आत्ता… शहनाज, ते वाक्य बंद कर… कुठलं म्हणजे? ते… गोडाचं… का म्हणजे?… नाही, वरून काही ऑर्डर आलेली नाही… अगं, ती बाकावर बसलीय ना, ती माझी सून आहे.

…शहनाज?… रडू नकोस. तुझी काय… 'माहीत असतं तर बोलले नसते.' हो. तेच तर… नाही, तेच तर म्हणतेय मी.

उठली ती?… तू हात धरलास?… चालतेय?… आधी तिला सॉरी म्हण… मी? मी म्हटलं की… नाही. नाही म्हटलं अजून. दे, दे तिला परत… जागृती? ऐक ना, मी… हॅलो?… हॅलो?

फोन कट झाला होता. सिस्टरनी परत लावला, वाजत राहिला. पेशंट टेबलावर असताना फोन घ्यायचा नाही, हा शहनाजच्या वॉर्डाचा नियम होता. तोही इथूनच गेलेला.

मुली माना खाली घालून बसल्या होत्या. तेवढ्यात पडद्यापलीकडून, दोन नंबरच्या टेबलाकडून, नाजमीन सिस्टरचा आवाज आला, "नवरा गोड लागला…" पुढचं किंकाळीत बुडालं. कोकिळा सिस्टर खुर्चीवरून उठेपर्यंत चापटही वाजली.

टेबलावरची बाई जामनेरची होती. तिची सासू बाहेर बाकावर बसली होती आणि तिच्याकडे फोन लावायला कुणाचाच नंबर नव्हता.